पिकअपला आधी पिकअप की पकड?

मराठीत एकच शब्द दोन कामं करतो. ‘पिकअप घेतली’ म्हणजे मागे हौदा असलेली गाडी घेतली, आणि ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणजे पाय दाबला तरी ती उठत नाही. इसुझु व्ही-क्रॉस घेतलेल्या माणसाच्या तोंडी वर्षभरात ही दोन्ही वाक्यं येतात. मग तो गॅरेजात जातो. तिथे त्याला सांगतात की इंजिन रिमॅप कर, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढव, नाहीतर शॉकअप, पाटे (लीफ स्प्रिंग) आणि टायर बदल. एकदम दोन्ही करायला खिशात पैसे नसतात.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी इंजिनला हात लावण्याआधी टायर आणि शॉकअप बघावेत. काही जणांसाठी मात्र रिमॅपच आधी योग्य आहे. ते कोण, हे पुढे येईलच.

आधी गाडी काय आहे ते बघू. व्ही-क्रॉस 2016 साली भारतात आली ती 2.5 लिटर डिझेल इंजिन घेऊन: 136 पीएस (अश्वशक्तीसारखं ताकदीचं माप) आणि 320 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. बीएस-6 या धुराच्या नव्या नियमांत उरलं 1.9 लिटरचं छोटं इंजिन, पण ताकद वाढून 163 पीएस आणि 360 न्यूटन मीटर झाली. गाडीची लांबी जवळजवळ 5.3 मीटर. पुढे डबल विशबोन (दोन्ही चाकं स्वतंत्र हलवणारी रचना) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ एक्सल आणि पाटे. सगळी गोम या पाट्यांत आहे. ते हौद्यातल्या ओझ्यासाठी बांधलेले असतात. हौदा रिकामा असला की त्यांना दाबायला वजनच नसतं, आणि खड्डा लागला की मागचा भाग टणकन उडतो. मागे बसणाऱ्या पाहुण्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

रिमॅप: पैसे कमी, फरक लगेच

इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो डिझेल किती टाकायचं, केव्हा टाकायचं आणि टर्बोने हवेला किती दाब द्यायचा. कंपनी या सगळ्यात थोडी जागा राखून ठेवते, कारण तीच गाडी भेसळीच्या डिझेलवर आणि मे महिन्याच्या उन्हातही चालली पाहिजे. रिमॅप करणारा, म्हणजे ट्यूनर, ही राखलेली जागा वापरतो. टर्बो डिझेलमध्ये 20 टक्क्यांच्या आसपास वाढ मिळते असं ट्यूनर साधारण सांगतात. तेवढी धरली तर 320 चे 384 न्यूटन मीटर होतात. कमी वाटतं, पण तिसऱ्या गियरमध्ये एसटीला ओव्हरटेक करताना ते पाठीला जाणवतं.

ट्यूनिंग बॉक्स, म्हणजे बाहेरून जोडायची डबी, हा याचा स्वस्त भाऊ. तो बहुधा डिझेलच्या दाबाच्या सेन्सरचा आकडा कमी करून दाखवतो, म्हणजे कॉम्प्युटर दाब आपसूक वाढवतो. ही फसवणूकच आहे, आणि ती इंजिनची आहे. काढून ठेवता येतो एवढाच त्याचा गुण. करायचंच असेल तर नीट रिमॅप करा. मूळ फाइल परत मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

याचं बिल दुसरीकडून येतं. क्लच मूळ टॉर्कसाठी बनवलेला असतो. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत वरच्या गियरला, कमी आरपीएमवर पाय दाबला की क्लच घसरतो: आरपीएम चढतो आणि वेग तिथेच राहतो. ओळखीतल्या एकाची गाडी रिमॅपनंतर दोन महिन्यांत याच दुखण्याने उभी राहिली, आणि क्लचचं बिल रिमॅपपेक्षा मोठं निघालं. बीएस-6 गाडीत धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. ट्यूनर तो ‘डिलीट’ करायचं सुचवू लागला तर चहा पिऊन निघून या.

टायर आणि शॉकअप: खर्च जास्त, गाजावाजा कमी

इथे कोणी ‘किती वाढलं’ असं विचारत नाही, कारण सांगायला आकडाच नसतो. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी शोषण्याचं. तो थकला की गाडी एका खड्ड्यावर तीनदा हलते, आणि तेवढा वेळ टायर रस्त्यावर नीट टेकलेला नसतो. जो टायर टेकलेला नाही तो ना वळवतो, ना थांबवतो.

टायरबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. 18 इंची रिमवर 255/60 मापाचा (रुंदी 255 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 60 टक्के) टायर साधारण 763 मिलिमीटर उंच असतो. त्याजागी रुबाबासाठी 265/65 घातला तर उंची 802 च्या घरात जाते, म्हणजे 5 टक्के वाढ. स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी 105 ने पळत असते. त्याहून वाईट म्हणजे सगळे गियर तेवढेच लांब होतात, आणि रस्त्यावर पोचणारा जोर कमी होतो. म्हणजे रिमॅपचे पैसे देऊन आणलेला पिकअप टायरवाल्याकडे परत दिल्यासारखं. मोठ्या नक्षीचे मड टायर ओल्या डांबरावर घसरतात आणि कोरड्यावर गुणगुणतात. वर्षातून दोनदा चिखलात जाण्यासाठी बाकीचे दिवस ते सोसायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. घाटरस्त्यांसाठी मूळ मापाचे, चांगल्या कंपनीचे साधे हायवे टायर किंवा सौम्य नक्षीचे ऑल-टेरेन घ्या. घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. दुकानात पडून राहिलेलं रबर सवलतीतही महागच.

एकच घाट, दोन फेऱ्या

दोन्ही पर्याय एकाच ठिकाणी तपासायचे तर रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरचा आंबा घाट घ्या.

मे महिन्यात साखरप्याकडून कोल्हापूरच्या दिशेने चढताना हौद्यात घरच्या बागेतल्या आंब्याच्या पेट्या आहेत. ओझ्याने पाटे दबलेत, मागची चाकं घट्ट बसलीत, गाडी शहाण्यासारखी वळते. कमी पडतो तो दम. पुढे भरलेला ट्रक, मागे हॉर्न वाजवणारी कार, आणि तुम्ही दुसऱ्या गियरमध्ये अडकलेले. इथे रिमॅप जिंकतो, निर्विवाद.

जूनच्या पहिल्या पावसात तोच घाट रिकाम्या हौद्याने उतरताना रस्त्यावर धूळ, तेल आणि पाणी यांचा लगदा असतो. वजन सगळं पुढे, मागची चाकं हलकी. टू-व्हीलमध्ये, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना असताना, इंजिन ब्रेकही त्या हलक्या चाकांनाच लागतो. इथे 320 असोत की 384, काही उपयोग नाही. उलट वळणातून बाहेर पडताना पाय जरा जास्त गेला, तर वाढलेला टॉर्क मागचं चाक फिरवून शेपूट बाहेर काढतो. जादा टॉर्कने पाटे इंग्रजी ‘एस’सारखे पिळतात आणि चाक थडथडतं, हे वेगळंच.

‘मग फोर-व्हील लावू की’ असं कोणी म्हणेल. सलग ओल्या, निसरड्या रस्त्यावर लावा. पण या गाडीत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गियर, नाही. वळणात पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि कोरड्या डांबरावर तो फरक जायला वाट नसते. गियर पिळवटतात, स्टिअरिंग जड होतं. म्हणून कोरड्या घाटात फोर-हाय (नेहमीच्या वेगाची फोर-व्हील) हे उत्तर नाही.

उंच करायची हौस

शॉकअप बदलताना ‘दोन इंच लिफ्ट करून टाकू’ हे वाक्य हमखास येतं. खडकाळ वाटा रोजच्या असतील तर करा. हँडलिंगसाठी म्हणाल तर तो उलटा प्रवास आहे: गुरुत्वमध्य वर जातो, वळणात गाडी जास्त झुकते, पुढच्या शाफ्टचे सांधे तिरके चालतात आणि अलाइनमेंट बिघडतं. एबीएस नसलेल्या अनेक जुन्या पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर एक्सल आणि चासी यांच्यातल्या अंतरावरून ठरतो. लिफ्ट केली की त्या झडपेला वाटतं हौदा रिकामाच आहे, आणि ती मागचा ब्रेक कमी करते.

कंपन्यांनी स्वतः काय केलं ते बघा. फोर्डने 2018 साली रेंजर पिकअपची पहिली दणकट आवृत्ती, रेंजर रॅप्टर, दाखवली. तिचं 2 लिटरचं जुळ्या टर्बोचं डिझेल, 213 पीएस आणि 500 न्यूटन मीटर, हे साध्या रेंजरच्या वरच्या मॉडेलमध्येही मिळत होतं. पैसा गेला तो चाकांमधली रुंदी वाढवण्यात, फॉक्स कंपनीच्या शॉकअपमध्ये, आणि मागचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग घालण्यात. उलट बाजूला 1991 ची अमेरिकन पिकअप जीएमसी सायक्लोन: टर्बो व्ही-6, 280 अश्वशक्ती. तिने तेव्हाच्या स्पोर्ट्‌स कारना घाम फोडला. पण ती ताकद रस्त्यावर उतरवायला जीएमसीने ती खाली बसवली, चारही चाकांना कायम जोर दिला, आणि हौद्याची क्षमता ठेवली 500 पौंड, म्हणजे जेमतेम 227 किलो. बाजारहाटापुरती.

कागदपत्रांचं

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा सूर एकच: कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत फेरफार चालणार नाही. 2019 च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मूळ मापाचे टायर आणि मूळ उंचीचे शॉकअप यांत वादाला जागा फार कमी. लिफ्ट आणि रिमॅप त्या सुरक्षित कुंपणाबाहेर पडतात. वॉरंटीत असलेल्या गाडीचं इंजिन उघडून त्यावर हक्क सांगायचा असेल, तर रिमॅप हाच पहिला प्रश्न होईल.

कोणी काय आधी करावं

गाडी वॉरंटीत आहे, हौदा बहुतेक रिकामा, कुटुंब मागे बसतं, वर्षातून चार वेळा कोकण: टायर, शॉकअप, अलाइनमेंट, आणि थांबा. दोन पावसाळे चालवा. त्यानंतरही दम कमी वाटला तर रिमॅपचा विचार करा. बऱ्याच जणांना मग तो वाटत नाही, कारण वळणात वेग मोडावा लागत नाही म्हणून पुन्हा वेग घ्यायचीही घाई उरत नाही.

गाडी जुनी 2.5 लिटरची, वॉरंटी संपलेली, हौदा बहुतेक भरलेला, रोज घाट, आणि क्लच तसाही बदलायला आलेला: क्लच नवा घालताना सोबत सौम्य रिमॅप करून घ्या. ओझ्याखाली तुमचे पाटे तसेही नीटच वागतात.

रिकाम्या गाडीसाठी पाटे मऊ करायचे ठरवलंत, तर काढलेला संच भंगारात देऊ नका, कोपऱ्यात तेल लावून ठेवा. घर बदलताना, नाहीतर गावाहून भाताची पोती आणताना, तो पुन्हा लागतो.