जुन्या लॅपटॉपला आय सेव्हन बसवून देतो म्हणाले आणि फसवलं, बेळगाव-खानापूरवाल्यांनी वाचा

मी खानापूरचा. मुलीच्या कॉलेजच्या कामाला घरातला लॅपटॉप लई स्लो झाला म्हणून गेल्या महिन्यात बेळगावला घेऊन गेलो. २०१२ साली घेतलेला, आत इंटेलचा आय थ्री २३५० एम प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. नवीन घ्यायचा तर पस्तीस-चाळीस हजार आणि भात अजून विकलेलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, अण्णा नवीन कशाला घेताय, ह्याचा प्रोसेसर सॉकेटमधला आहे, म्हणजे खाचेत बसवलेला, निघतो, त्याच्या जागी ह्याच्यापेक्षा भारी आय सेव्हन २६७० क्यूएम टाकून देतो, साडेपाच हजार, संध्याकाळी घेऊन जावा. सॉकेटचं तेनी सांगितलं ते खोटं नव्हतं, म्हणूनच माझा विश्वास बसला.

संध्याकाळी गेलो तर तेनी स्क्रीनवर प्रॉपर्टीज उघडून दाखवली, तिथं स्वच्छ आय सेव्हन २६७० क्यूएम लिहिलेलं. बसची गडबड होती, फोनवरून पैसे मारले आणि स्टँडकडे पळालो. बिल मागितलं तर कागदाच्या कपट्यावर 'प्रोसेसर अपग्रेड ५५००' एवढंच.

स्पीड मात्र होता तसाच. आठवड्यानं भाचा आला, तेनं टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर लावले आणि म्हणाला, मामा, ह्यो आय सेव्हन चार कोरचा, एकेक कोर दोन-दोन कामं ओढतो, म्हणून आठ चौकोन दिसायला पाहिजेत, इथं चारच आहेत. शिवाय तो प्रोसेसर टर्बोत, म्हणजे जोर लावला की, ३.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आमचा कितीबी लोड दिला तरी २.३ च्या वर जाईना. मग तेनं स्टार्टअपमध्ये, म्हणजे मशीन चालू झालं की आपोआप चालणाऱ्या गोष्टींत, शोधलं तर एक बारकी बॅच फाईल, म्हणजे हुकुमांची फाईल सापडली. विंडोज प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतून, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीतून वाचून दाखवतं, आणि ते नाव प्रत्येक वेळी मशीन चालू झालं की नव्यानं लिहिलं जातं, ही फाईल त्याच्यावर लगेच आय सेव्हनचं नाव चढवायची. फाईल काढून रिस्टार्ट केलं, नाव परत आय थ्री.

मागचं झाकण उघडलं तेव्हा मला रडायलाच आलं. फॅनच्या जाळीत दहा वर्षांच्या धुळीचा थर तसाच, हीटसिंकखालची, म्हणजे चिपची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या भागाखालची पेस्ट खडूसारखी वाळलेली. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. पेस्ट पुसली तर चिपवर इंटेलचा कोड एसआर०डीएन, म्हणजे आमचाच २३५० एम.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन दुकानात गेलो. तो म्हणाला, तुम्ही घरी उघडलाय, आता आमची जबाबदारी नाही. चार गिऱ्हाईकांच्या समोर. मुलगी गप्प उभी होती, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

नंतर भाच्याकडून समजून घेतलं ते सांगतो, तुमच्यापैकी कुणी असं करणार असेल तर उपयोगी पडेल. इंटेलचे प्रोसेसर पिढीपिढीनं येतात, आमचा दुसऱ्या पिढीचा. दुसऱ्या पिढीच्या सॉकेटवाल्या लॅपटॉपला दुसऱ्याच पिढीचा प्रोसेसर चालतो, तिसऱ्या पिढीचा चालेल तो बोर्डावरचा चिपसेट आणि बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) सपोर्ट देत असेल तरच. चौथ्या पिढीचं सॉकेटच वेगळं, आणि पाचव्यापासून पुढं लॅपटॉपचे इंटेल प्रोसेसर बोर्डावर सोल्डरच असतात, जुन्यातसुद्धा नंबरामागं यू असला तर तो निघणार नाही. दुसरं म्हणजे वॅट. आय थ्री ३५ वॅटचा, २६७० क्यूएम ४५ वॅटचा, म्हणजे खरोखर बसवला असता तरी आमच्या बारक्या फॅननं तेवढी उष्णता ओढली असती का, हे तेनी एका शब्दानं विचारलं नाही. ३५ वॅटचा आय फाईव्ह २५२० एम जास्त शहाणपणाचा झाला असता.

आणि माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुना प्रोसेसर परत मागितला नाही. बदलला असेल तर जुना निघालेला असणारच की, तो हातात द्या म्हणायचं. नवा बसवायच्या आधी त्याच्यावरचा नंबर डोळ्यानं बघायचा, फोटो काढायचा, आणि बिलावर 'प्रोसेसर' एवढंच नको, पूर्ण मॉडेल लिहून घ्यायचं. स्क्रीनवरच्या नावावर जाऊ नका, सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर चालवून बघा, ते नाव रजिस्ट्रीतून न घेता थेट चिपला विचारतं.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार घातली आहे. पैसे मारलेलं फोनमध्ये आहे, तो कागदाचा कपटा आणि त्या बॅच फाईलचा फोटो पण जपून ठेवलाय. लॅपटॉपमध्ये आय थ्रीच आहे, भाच्यानं धूळ काढून नवी पेस्ट लावली, आता निदान तापत नाही, मुलगी त्याच्यावरच प्रोजेक्ट करत बसली आहे.