तळटीप की कंसातला संदर्भ? गावच्या दप्तरावर इतिहासाचा प्रकल्प लिहिणाऱ्यांसाठी

एम.ए. इतिहासाच्या संशोधन प्रकल्पाचा विषय मंजूर झाला की पहिला प्रश्न येतो तो संदर्भ कसे द्यायचे याचा. विभागाच्या सूचनापत्रकात बहुधा एवढंच असतं की संदर्भ योग्य पद्धतीने द्यावेत. मग कोणी मागच्या वर्षीचा प्रबंध उघडून त्यातली पद्धत उचलतो, तर कोणी डीटीपीवाल्यावर सोडून देतो. दोन्हींत शेवटी त्रासच आहे, कारण पद्धत निवडायची ती आपल्या साधनांकडे बघून. मागच्या वर्षीच्या मुलाची साधनं वेगळी होती.

समोर तीन पर्याय असतात. पानाच्या तळाशी टीप, प्रकरणाच्या शेवटी टीप, आणि मजकुरातच कंसात लेखकाचं आडनाव, वर्ष, पान. पहिले दोन एकाच घरातले. शिकागो शैलीतली 'टीपा आणि ग्रंथसूची' पद्धत म्हणतात ती हीच, आणि इतिहासाच्या लेखनात तीच जास्त चालते. तिसरी एपीएची, म्हणजे मानसशास्त्र आणि समाजशास्त्रवाल्यांची. एमएलए ही चौथी, पण ती साहित्याच्या अभ्यासासाठी आहे. तिच्यात कंसात वर्ष येत नाही, फक्त आडनाव आणि पान येतं. इतिहासात वर्षच पुसून टाकणारी पद्धत घेण्यात अर्थ नाही, म्हणून ती इथेच सोडू.

गाईड नुसतं 'शिकागो' म्हणाले, तर कोणतं शिकागो ते त्याच दिवशी विचारून घ्या. त्या एकाच मॅन्युअलमध्ये टीपांची पद्धत आहे आणि लेखक-वर्षाची कंसवाली पद्धतही आहे. अर्धा प्रकल्प एका पद्धतीत आणि अर्धा दुसरीत, असे प्रबंध याच घोळातून तयार होतात.

एकच कागद, दोन पद्धती

समजा विषय आहे 'दारव्हा तालुक्यातील साथीचे रोग आणि मृत्यू, १९१५ ते १९२५'. मुख्य साधन कोतवाल बुक. जात पडताळणीसाठी ज्याची नक्कल काढायला लोक तहसीलमध्ये रांग लावतात, तेच जन्म-मृत्यूचं रजिस्टर. त्याला लेखक नाही. कोतवालाने तोंडी सांगितलं, कोणीतरी लिहून घेतलं. छापील शीर्षक बहुधा नाही, प्रकाशक नाही, पानांवरचे आकडे अर्धे फाटलेले.

तळटीपेत हे सरळ बसतं:

मौजा अमुक, तालुका दारव्हा, जन्म-मृत्यू नोंदवही (कोतवाल बुक), सन १९१८, मृत्यू नोंद क्र. ४१, नोंदीची तारीख. तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. प्रत पाहिल्याची तारीख.

पुढच्या वेळी नुसतं 'मौजा अमुक, कोतवाल बुक १९१८, नोंद ४१' लिहिलं तरी भागतं.

कंसाच्या पद्धतीत लेखक नसला की त्या जागी कार्यालयाचं नाव किंवा शीर्षक घ्यावं लागतं. म्हणजे '(तहसील कार्यालय, १९१८)'. पण १९१८ चीच बारा गावांची बारा रजिस्टरं तुम्ही पाहिलेली असतात. मग १९१८अ, १९१८आ, १९१८इ अशी बाराखडी सुरू होते, आणि वाचणाऱ्याला १९१८ए म्हणजे कोणतं गाव हे बघायला दर वेळी शेवटची यादी उघडावी लागते. नोंद क्रमांक कंसात घातला तर वाक्य वाचवत नाही. नाही घातला तर संदर्भ असून नसल्यासारखा.

इथेच निवड जवळजवळ ठरते. लेखक, वर्ष आणि शीर्षक असलेल्या छापील साहित्यासाठी कंस झाला. आपल्याकडच्या दप्तराला ते कपडे होत नाहीत.

आणखी एक गोष्ट. कोतवाल बुकात माणसाचं नाव, बापाचं नाव आणि जात असते. टीपेत नोंद क्रमांक द्या, नाव देऊ नका. आकडेवारीसाठी नावाची गरज पडत नाही, आणि त्या घरची माणसं आजही त्याच गावात राहतात.

वऱ्हाड आणि नागपूर, दप्तर एक नाही

तळटीपेचा दुसरा फायदा म्हणजे तिच्यात दोन वाक्यांचा खुलासा मावतो, आणि विदर्भाच्या कागदांना असा खुलासा लागतोच. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आलं आणि १९०३ पर्यंत हैदराबादच्या रेसिडेंटखाली राहिलं. नागपूरकडचा भाग १८६१ पासून मध्य प्रांतात. त्यामुळे १८९० चा अमरावतीचा कागद आणि १८९० चाच भंडाऱ्याचा कागद वेगवेगळ्या सरकारी रचनेतून आलेले असतात. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मालगुजारी होती (गावाचा सारा मालगुजार सरकारात भरायचा), म्हणून तिथे बंदोबस्त मिसल (सारा ठरवतानाची फाइल), वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद), निस्तार पत्रक (लाकूड-चराईच्या हक्कांची नोंद) असे कागद भेटतात. ही नावं टीपेत जशीच्या तशी लिहा. 'जमिनीचे जुने रेकॉर्ड' असं लिहिलं तर तो कागद पुन्हा कोणालाच सापडणार नाही.

जिल्ह्यांच्या नावांतही गोम आहे. १९०५ पर्यंत यवतमाळच्या भागाला वणी जिल्हा म्हणत. एलिचपूर (आजचं अचलपूर) आणि बासीम (आजचं वाशीम) हेही तेव्हा स्वतंत्र जिल्हे होते. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरमधून निघाला, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. कागदावर जे नाव असेल ते आधी द्यायचं आणि आजचं नाव चौकटी कंसात: 'वणी जिल्हा [आजचा यवतमाळ]'. लेखक-वर्ष पद्धतीत ही माहिती टाकायला जागाच नसते. मग ती मजकुरात घुसते आणि वाक्य लंगडं होतं.

सनांचंही तसंच. निजामी अमलातल्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली कामकाजाचं वर्ष, असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष दोन इसवी सनांत विभागलेलं असल्याने फसली १२६० म्हणजे १८५०-५१ असं लिहावं. शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंतच्या तारखांना ७९. टीपेत मूळ सन आधी, इसवी नंतर. नुसता इसवी दिला आणि हिशेबात चूक झाली, तर ती तपासायला कुणाकडे काही उरत नाही.

गॅझेटियर: सर्वांत जास्त चुका इथेच

प्रत्येक प्रकल्पात गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, असतंच आणि बहुतेक प्रकल्पांत ते चुकीचं दिलेलं असतं. 'अमरावती गॅझेटियर, पृ. ११०' यातलं अमरावती गॅझेटियर कोणतं? लायलने संपादित केलेलं वऱ्हाडचं १८७० चं, फिट्झजेराल्ड आणि नेल्सन यांचं अमरावती जिल्ह्याचं १९११ चं, की महाराष्ट्र शासनाचं १९६८ चं? तिन्हींत अमरावती आहे. संपादक आणि वर्ष सोडून चालत नाही.

त्यातही ब्रिटिशकालीन जिल्हा गॅझेटियरचे दोन खंड असतात. 'अ' वर्णनाचा, 'ब' आकडेवारीच्या तक्त्यांचा. खंड लिहिला नाही तर पानाच्या आकड्याला अर्थ राहत नाही. रसेल आणि हिरालाल यांचा जातीजमातींवरचा १९१६ चा ग्रंथही चार खंडांचा आहे. गोंडांवरचं प्रकरण तिसऱ्या खंडात येतं.

स्कॅन केलेल्या पीडीएफवर काम करताना एक सापळा असतो. स्क्रीनवर खाली १२८ दिसतं आणि पानावर छापलेलं असतं ११०, कारण मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि अनुक्रमणिकाही पीडीएफच्या हिशेबात येतात. टीपेत छापील आकडा द्या. शासनाच्या संकेतस्थळावरची गॅझेटियरची आवृत्ती वापरली आणि तिच्यावर पृष्ठांक नसतील, तर प्रकरणाचं आणि उपविभागाचं शीर्षक द्या, पाहिल्याची तारीख जोडा. अंदाजाने पान घालू नका. व्हायवात बाहेरचे परीक्षक नेमकं तेच पान उघडायला सांगतात.

गॅझेटियरपुरतं म्हणाल तर कंसाची पद्धत वाईट नाही: '(फिट्झजेराल्ड आणि नेल्सन, १९११, पृ. ११०)'. छोटं, स्पष्ट, आणि वाचणारा मजकुरातून उठत नाही.

पान नव्हे, क्रमांक

महानुभाव पंथावर किंवा रिद्धपूरवर लिहिणाऱ्यांनी लीळाचरित्राला पृष्ठांक देऊ नये, दिला तरी एकटा देऊ नये. आवृत्तीगणिक पान बदलतं. भाग (एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध) आणि लीळा क्रमांक द्यावा. क्रमांकही संपादनागणिक हलतात, म्हणून पहिल्या टीपेत आवृत्ती सांगावी, जसं वि. भि. कोलते संपादित, १९७८. ताम्रपटांचंही हेच. वाकाटकांचा चम्मक ताम्रपट मिराशींच्या १९६३ च्या लेखसंग्रहातून घेतला असेल तर लेखाचा क्रमांक आणि ओळ द्या. पान त्यानंतर. अशा संदर्भांना तळटीपच सोयीची.

प्रकरणाच्या शेवटी टीपा

ही पद्धत विदर्भातल्या कॉलेजांत फार दिसते. कारण शास्त्रीय नाही. जुन्या फॉन्टमध्ये पानाखाली टीप बसवणं टायपिस्टला जड जातं, शेवटी एक यादी टाइप करणं सोपं. वाचणाऱ्याच्या बाजूने मात्र ती तिघींत सर्वांत गैरसोयीची. परीक्षक ६४ क्रमांकाची टीप शोधायला वीस पानं उलटेलच असं नाही.

ती कुठे योग्य? टीपा लांब असतील, किंवा एका पानावर सहा-सात टीपा येऊन मजकूर अर्ध्यावर येत असेल, तिथे. मुख्य टीपा एकदा वर्डमध्ये तळटीप म्हणून नीट घातल्या की त्या शेवटच्या टीपांत, किंवा उलट, एका क्लिकमध्ये बदलतात. म्हणून आधी तळटीप घाला आणि निर्णय बाइंडिंगच्या आदल्या आठवड्यात घेतला तरी चालेल. टीपेतून कंसात जाणं मात्र हाताचं काम आहे, ती निवड सुरुवातीलाच करावी लागते.

'तत्रैव' आणि 'उनि.'

मराठी प्रबंधांत 'तत्रैव' किंवा 'कित्ता' (लगेच वरचाच संदर्भ) आणि 'उनि.' (आधी दिलेला ग्रंथ) यांची सवय आहे. दिसायला भारदस्त, वापरायला धोक्याचे. १२ वी टीप मिराशींची, १३ वी 'तत्रैव'. दुरुस्तीच्या वेळी सर म्हणतात, इथे एक संदर्भ वाढवा. मध्ये रसेल येतो, टीपांचे आकडे आपोआप सरकतात, 'तत्रैव' मात्र आता रसेलकडे बोट दाखवतो. शिकागो मॅन्युअलनेही २०१७ च्या आवृत्तीपासून लघुरूपाला पसंती दिली आहे: आडनाव, छोटं शीर्षक, पान. विभागाची सक्ती नसेल तर तेच करा. सक्ती असेल तर शेवटच्या मसुद्यापर्यंत लघुरूपच ठेवा आणि 'तत्रैव' अगदी अखेरीस घाला.

टायपिंगच्या दुकानात

इथे पद्धतीपेक्षा फॉन्ट जास्त छळतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये प्रकल्प टाइप झाला तर वर्ड नवी तळटीप स्वतःच्या ठरलेल्या फॉन्टमध्ये उघडतं आणि तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. इंग्रजी ग्रंथनामासाठी फॉन्ट पुन्हा बदलावा लागतो. साम्य तपासणाऱ्या (म्हणजे मजकूर कुठून उचलला का ते शोधणाऱ्या) सॉफ्टवेअरलाही तो मजकूर मराठी म्हणून वाचता येत नाही. युनिकोडचा आग्रह धरा आणि दुकान ठरवतानाच विचारा.

टीप घालायची ती मेनूतून, किंवा कंट्रोल, ऑल्ट आणि एफ एकत्र दाबून. आकडा हाताने टाइप करून वर उचलला तर ती तळटीप होत नाही, एक ओळ वाढली की सगळं पान सरकतं. तळटीपेचा आकार मजकुरापेक्षा दोन पॉइंट कमी ठेवा. ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' ठेवू नका, त्यात रफार आणि वेलांटीचे शेंडे छाटले जातात. बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच समास सोडा.

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पन्नासच्या वर छापील ग्रंथ असतील तर वेळ वाचवतं. पण त्यातल्या शैली इंग्रजीसाठी घडवलेल्या. मराठी पुस्तकापुढे संपादकासाठी इंग्रजी खूण आली तर ती शेवटी हाताने 'संपा.' करावी लागते. वीस पुस्तकं आणि शंभर दप्तरी कागद असा प्रकल्प असेल तर एक साधी वही किंवा एक्सेलचा तक्ता पुरतो: कागद, कार्यालय, क्रमांक, तारीख, आपल्या मोबाइलमधल्या फोटोचा क्रमांक. हा शेवटचा रकाना विसरू नका.

तळटीपेची उणी बाजू

साम्य-तपासणीत तळटीप मार खाते. शेवटची ग्रंथसूची सॉफ्टवेअरला वगळायला सांगता येते, पानोपानीच्या टीपा बहुधा मोजल्या जातात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्क्यांत प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो. संदर्भ, ग्रंथसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्यातून वगळायची, असंही तेच नियम सांगतात. अहवालात आकडा जास्त आला तर घाबरून टीपा कापू नका, साम्य टीपांचं आहे हे अहवालातल्या पानांवर खूण करून दाखवा.

मग कंस कधी घ्यायचा? विषय बचत गट, स्थलांतर किंवा कापसाचे बाजारभाव असा अलीकडचा असेल, साधनं अहवाल, लेख आणि पुस्तकं असतील, किंवा प्रकल्प आंतरविद्याशाखीय असून गाईड समाजशास्त्राचे असतील, तर एपीए खुशाल घ्या. मुलाखतींवरचं काम असेल तर थांबून विचार करा. एपीएत खासगी मुलाखत फक्त मजकुरात येते, शेवटच्या यादीत नाही. चिमूर किंवा आष्टीच्या १९४२ च्या उठावाच्या ऐकीव आठवणी गोळा केल्या असतील तर तळटीपेत सांगणाऱ्याचं वय, गाव, मुलाखतीची तारीख, ध्वनिमुद्रण आहे की नाही, आणि आठवण स्वतःची की आई-आजीकडून ऐकलेली, हे सगळं देता येतं. परीक्षक पहिला प्रश्न त्या शेवटच्या मुद्द्यावरच विचारतात.