घोड्याचा नाल, पंखा की पायऱ्या? आपल्या गावात नाट्यगृह बांधायचं तर

परभणी असो की लातूर, नाटकवाली माणसं चहाला बसली की नव्या नाट्यगृहाचा विषय निघतोच. निधी येणार असतो, जागा बघून झालेली असते आणि कुणीतरी मोबाइलवर चित्र दाखवतं: घुमट, खांब, समोर कारंजं. माझी कळकळीची विनंती आहे, दर्शनी भाग सगळ्यात शेवटी ठरवा. आधी आतला आकार ठरवा. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला नटाचा हुंदका ऐकू येणार की नाही, हे आकारावरच ठरतं. हा प्रश्न आपल्यापुढं पहिल्यांदा आलेला नाही. जगातल्या मोठमोठ्या नाट्यगृहांनी तो वेगवेगळ्या तऱ्हेनं सोडवलाय. त्यातल्या तीन तऱ्हा आपल्या कामाच्या आहेत.

पहिली तऱ्हा घोड्याच्या नालेची. तिकीट काढून कुणीही जाऊन बसावं असं पहिलं ऑपेरागृह, म्हणजे गाऊन केलेल्या नाटकांचं घर, १६३७ मध्ये व्हेनिसला उघडलं. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत इटलीत त्याचा साचा पक्का झाला: मधे सपाट जमीन, भोवती नालेच्या आकारात मजल्यावर मजले आणि प्रत्येक मजल्यावर ओळीनं छोट्या खोल्या, म्हणजे बॉक्स. मिलानचं ला स्काला याच साच्याचं. आधीचं नाट्यगृह १७७६ मध्ये जळालं, तेव्हा तिथल्या बॉक्सच्या मालक घराण्यांनीच नव्यासाठी पैसा उभा केला. पिएरमारिनी या वास्तुविशारदानं बांधलेली ती इमारत १७७८ च्या ऑगस्टमध्ये उघडली. बॉक्स ही त्या घराण्यांची मालमत्ता होती. तिथं जेवणं व्हायची, पत्ते पडायचे, दिवे तेवत राहायचे, आणि समोरच्या बॉक्समध्ये कोण कुणासोबत आलंय हेही रंगमंचाइतक्याच आवडीनं बघितलं जायचं.

आवाजाच्या बाजूनं मात्र हा साचा फार गुणी आहे. प्रेक्षक उभ्या मजल्यांवर रचलेला असल्यानं कुणीच फार लांब नसतो. बॉक्सची कापडं नि गाद्या जास्तीचा घुमारा पिऊन टाकतात, आणि कठड्यावरची नक्षी आवाज एका जागी गोळा न होऊ देता विखरून टाकते. त्यामुळं शब्द सुटा आणि स्वच्छ पोचतो. सिंफनीला, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या संगीताला, आवाज सुमारे दोन सेकंद रेंगाळलेला चालतो, बोलण्याला एका सेकंदाच्या आसपास बस होतो. ला स्काला या दुसऱ्या टोकाच्या जवळ आहे, म्हणून इटालियन गाण्यातला शब्द तिथं हरवत नाही.

या साच्याचं आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस. मॉरिस बँडमन हा नाटक कंपनीवाला आणि जहांगीर फ्रामजी कराका हे पारशी व्यापारी या दोघांनी ते मनावर घेतलं. १९११ मध्ये, काम चालू असतानाच, पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढं ते सिनेमाचं थिएटर झालं, १९९३ मध्ये बंद पडलं आणि आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. आता खुर्च्या आहेत ५७५. पहिल्यांदा गेलो तेव्हा कितीतरी वेळ मान वर करून घुमटच बघत बसलो. आठ पाकळ्या, त्यांत कवी-नाटककारांना दिलेला मान, खाली सोनेरी कठडे. मग रंगमंचावर कुणीतरी माइक नसताना सहज दोन वाक्यं बोललं आणि ती वर बाल्कनीत माझ्या शेजारी बसून बोलल्यासारखी आली. त्या दिवशी मला कळलं की ५७५ हा आकडा लहान नाही. तो नेमका आहे.

नालेतली खोट लपत नाही. कडेच्या जागांवरून रंगमंचाचा जवळचा कोपरा दिसत नाही, समोरचे प्रेक्षक मात्र छान दिसतात. शिवाय मजले चढवायचे म्हणजे खर्च आणि जिने, आणि वयस्कर माणसाचे हाल.

दुसरी तऱ्हा पंख्याची, आणि तिची सुरुवात एका चिडीतून झाली. रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराला बॉक्समधला हा दरबार सहन होत नव्हता. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याच्या मदतीनं त्यानं बायरॉइट या लहानशा गावात स्वतःचं नाट्यगृह उभं केलं. ते १८७६ मध्ये उघडलं. दोन्ही बाजूंचे बॉक्स काढून टाकले. रांगा पंख्यासारख्या पसरत चढत मागं जातात, मधे वाट नाही, सगळ्यांची तोंडं रंगमंचाकडं. प्रयोगाला अंधार केला. वादक रंगमंचाखाली उतरत्या पायऱ्यांवर बसवले आणि वर आडोसा घातला, म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्यावर वाद्यं चढत नाहीत. आणि हे सगळं विटा, लाकूड नि गिलावा यांत. पैसा कमी होता म्हणून बाहेरची सजावट राहिली ती राहिलीच. आसनं आजही कडक आहेत. तरी सुमारे १,९०० माणसं तिथं बसतात, आणि जगातल्या उत्तम आवाजाच्या घरांत त्याचं नाव घेतलं जातं.

आपल्याकडं जिल्ह्याच्या गावात जी हजार खुर्च्यांची सभागृहं बांधली जातात, ती याच पंख्याची नक्कल. पण अर्धवट. वाग्नरच्या घरात रांगा पंख्यासारख्या आहेत, भिंती तशा फाकत गेलेल्या नाहीत. मूळ खोली चौकोनी आहे, आणि दोन्ही बाजूंनी खांबांसकट पुढं आलेले भिंतीचे तुकडे आवाज तोडून प्रेक्षकांत परत पाठवतात. आपण भिंतीच सपाट ठेवून फाकवतो. मग आवाज भिंतीला लागून मागं निसटतो, मधल्या रांगांना बाजूनं काहीच मिळत नाही. मागची भिंत गोलाकार असली तर तोच आवाज गोळा होऊन नटाच्या तोंडावर परत येतो. तुमच्या गावात असं सभागृह असेल तर रिकामं असताना रंगमंचाच्या मधोमध उभं राहून एकदाच जोरात टाळी वाजवा. परत दुसरी टाळी ऐकू आली की समजा, बिघाड इथं आहे. मग लागतो माइक, आणि माइक आला की नट कुजबुजायचं विसरतो.

तरीही तुमच्या गावाची गरज मुख्यतः शाळांची स्नेहसंमेलनं, ऑर्केस्ट्रा, व्याख्यानं आणि सत्कार अशी असेल, तर पंखाच घ्या. हजार माणूस स्वस्तात बसतो आणि सगळ्यांना सगळं दिसतं. भिंती मात्र सपाट सोडू नका.

तिसरी तऱ्हा पायऱ्यांची, उघड्यावरची. ग्रीसमधलं एपिडॉरस हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं. डोंगराच्या उतारावर दगडी ५५ रांगा, छप्पर नाही, आणि आजही उन्हाळ्यात तिथं नाटकं होतात. आपल्याला हे परकं नाही. सेलूजवळच्या वालूरच्या बारवेत उतरा आणि तळाशी असलेल्या माणसाला हळू बोलायला सांगा, दगडी पायऱ्या बोलणं कसं वर आणून देतात ते कळेल. नाथांची भारुडं काय, गोंधळ काय, आपला खेळ मुळात पारावर आणि अंगणातच उभा राहिला. खर्च सगळ्यात कमी, देखभाल जवळपास नाही, वीज गेली तर कंदिलावर प्रयोग होतो. पण पावसाळ्याचे चार महिने हातचे जातात, उन्हाळ्यात दिवस मावळेपर्यंत दगड तापलेला असतो, आणि लग्नसराईत शेजारी डीजे लागला की संपलं. एपिडॉरसला डोंगरानं शांतता दिली. तशी जागा गावाबाहेर मिळत असेल तरच हा विचार करा.

भव्यतेची ओढ असलेल्यांसाठी दोन नावं घेतो. पॅरिसचं पाले गार्निए, १८७५ चं. त्याचा जिना आणि दालनं एवढी प्रचंड की प्रेक्षागृह त्यापुढं लहान वाटावं. राजधानीच्या शहराला ते शोभतं. आणि सिडनीचं ऑपेरा हाउस. वास्तुविशारद योर्न उत्सोन यांची शिडांसारखी छपरं जगाला ठाऊक आहेत, पण ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, १९६६ मध्ये उत्सोन काम सोडून निघून गेले आणि १९७३ मध्ये इमारत उघडली तेव्हा ऑपेरा लहान सभागृहात ढकलला गेला होता. मोठ्या सभागृहाचा आवाज सुधारायला २०२० मध्ये पुन्हा कुलूप लावावं लागलं. आतल्या आधी बाहेरचं ठरलं, त्याची ही किंमत.

आगीकडं कुणी काणाडोळा करू नये. १८८१ मध्ये व्हिएन्नाचं रिंग थिएटर जळालं, शेकडो माणसं गेली, तेव्हा युरोपात रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामधे लोखंडी पडदा सक्तीचा होऊ लागला. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये कोल्हापुरात उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ते फोटो बघताना इथं मराठवाड्यात बसून आमचा घास उतरत नव्हता. लाकूड, कापड आणि तापणारे दिवे प्रत्येक रंगमंचावर एकत्र नांदतात, तेव्हा पाण्याच्या टाकीचा आणि बाहेर पडायच्या दारांचा खर्च कापू नका.

तर मी काय निवडीन? गावात बोलतं नाटक होत असेल, स्पर्धेची तालीम दर दिवाळीआधी चालत असेल, तर पाचशे ते सहाशे खुर्च्या, बाल्कनी एकच, आणि उथळ नाल. बॉक्स नकोत, बाजूच्या जागा थोड्याच. रंगमंचापासून शेवटची खुर्ची वीस मीटरच्या आत, कारण त्यापुढं चेहऱ्यावरचं दिसेनासं होतं. पैसे उरले तर मागच्या मोकळ्या जागेत दगडी पायऱ्यांचा खुला रंगमंच, हिवाळ्यासाठी. हजार खुर्च्यांत दीडशे माणूस बसलं की नटाचा जीव जातो. सहाशेत तेच दीडशे पुढं सरकून बसले तर प्रयोग उभा राहतो. हे मी विंगेतून बघितलंय.

आणि आराखडा समोर आला की मागचं दार शोधा. एका गावी आम्ही प्रयोगाला गेलो, नेपथ्य टेंपोतून उतरवलं आणि बारा फुटांचं फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातली खोटी भिंत, सात फुटांच्या दारातून आत जाईना. पहिली घंटा व्हायला तास होता. सुताराला बोलावून आम्ही आमचीच भिंत मधोमध कापली, आत नेऊन पट्ट्या ठोकल्या, आणि पूर्ण अंकभर ती फट माझ्या डोळ्यांसमोर होती. दार चौदा फूट उंच, टेंपो थेट रंगमंचाच्या पातळीला लागेल असा ओटा आणि वर छपराचा आडोसा, एवढं त्या कागदावर आहे का ते बघा. नसेल तर सही करू नका.