बडोद्यात बाबांना दिलेला शेक: ऑपरेशननंतरच्या रेडिएशनचा अनुभव

कॅन्सरमुळे बाबांचं प्रोस्टेट काढल्यावर पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींमधून रक्तात येणारं प्रथिन, रक्ततपासणीत कळतं) अगदी शून्याजवळ होता म्हणून आम्ही निर्धास्त, आणि मग तो हळूहळू चढायला लागला, ०.२ च्या वर दोनदा आला तेव्हा इथे आणलं. ग्रंथीच काढलीय तर शेक कशाला, हा घरात सगळ्यांचा प्रश्न. डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं, मूत्राशय आणि लघवीची नळी जिथे जोडलीय त्या जागेत कॅन्सरच्या पेशी उरलेल्या असू शकतात, स्कॅनमध्ये एवढ्यात दिसतही नाहीत, आणि पीएसए कमी असतानाच शेक दिला तर फायदा जास्त. मग ऑपरेशन झाल्या झाल्या का नाही दिला? तर आता सरसकट देत नाहीत, पीएसए बघत राहतात, तोवर लघवीवरचा ताबाही बऱ्यापैकी येतो.

सोमवार ते शुक्रवार रोज यायचं, टेबलवर काही मिनिटंच, दुखत नाही. पण मूत्राशय भरलेलं आणि पोट साफ हवं, कारण मूत्राशय भरलं की आतडं वर सरकतं आणि त्याला शेक कमी लागतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला लघवी धरून बसणं किती कठीण असतं ते घरच्यांनाच माहीत! इथले टेक्निशियन त्या बाबतीत खरंच सोन्यासारखे. आधीचा पेशंट आत गेला की ‘काका, आता पाणी प्या’, मशीन अडलं तर स्वतः बाहेर येऊन ‘जाऊन या, परत पिऊ’. शेकाआधी रोज छोटा स्कॅन, मूत्राशय नीट भरलं नसेल तर थांबवायचे, कधी चिडले नाहीत.

शेवटी शेवटी सारखी लघवी, जळजळ, पातळ शौचाला आणि थकवा होता, हळूहळू कमी झालं. पीएसए परत खाली आलाय, तपासण्या चालू राहणार. ७० च्या वरच्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी मोफत उपचारांचं) चालतं का ते आधीच विचारा.

एक तक्रार मात्र आहे आणि ती मॅनेजमेंटने वाचावीच. जेंट्स टॉयलेटमध्ये लघवी गळते म्हणून लावलेलं पॅड टाकायला डबाच नाही. प्रोस्टेटचे इतके पेशंट येतात, कितीतरी जणांना पॅड लागतं, बाबा वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून पिशवीतून घरी आणायचे आणि कुणाला सांगायचेही नाहीत. झाकणाचा एक डबा ठेवा, प्लीज.