52 अंशांचा डिस्प्ले चष्मा: पावसाळ्यापासून आजपर्यंत

जूनमध्ये घेतला, आता जानेवारी संपत आलाय. त्याआधी 46 अंशांचा वापरत होतो आणि तो अजून कपाटात आहे, त्यामुळे तुलना आठवणीवर नाही, दोन्ही आलटूनपालटून डोळ्यांवर चढवून केलेली आहे. दोन्ही एकाच जातीचे: यूएसबी-सी केबलने लॅपटॉपला किंवा फोनला जोडायचे, प्रत्येक डोळ्यासमोर 1920×1080 पिक्सेलचं छोटं मायक्रो-ओएलईडी पॅनल (इवलासा पडदा), आणि घातल्यावर समोर हवेत मोठा पडदा दिसतो. अंश म्हणजे तो पडदा नजरेत किती कोन व्यापतो. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. खालच्या बहुतेक गोष्टी एका मॉडेलच्या नाहीत, या अख्ख्या वर्गाच्या आहेत.

काम हिशेबाचं. दिवसभर एक्सेल आणि टॅली, अधूनमधून पुणे-मुंबई ट्रेनमध्येही तेच. रात्री घर शांत झालं की सिनेमा, सबटायटल लावून.

आधी आकड्यांचं बघू. 46 चे 52, म्हणजे सहाच अंश वाढले असं वाटतं. पण हा कोन पडद्याच्या कर्णाचा असतो. 16:9 च्या पडद्यात आडवा कोन साधारण 41 वरून 46 वर जातो, उभा साडेतेवीसवरून 27 वर. क्षेत्रफळ काढलं तर वाढ जवळजवळ एक तृतीयांश. पहिल्या दिवशी हे लगेच जाणवतं, सिनेमात तर फारच. जाहिरातीतल्या ‘4 मीटरवर 130 इंच’ला मात्र भुलू नका. त्याचा कोन काढला तर 45 अंशच येतो. अंतर विकणाऱ्याने ठरवायचं असेल तर इंच कितीही वाढवता येतात. अंश विचारा.

आता दुसरी बाजू. पडदा पसरला, पिक्सेल तेवढेच राहिले. जुन्यात एका अंशात सुमारे 48 पिक्सेल यायचे, नव्यात 42. चांगल्या नजरेला 60 पर्यंत फरक कळतो असं धरलं जातं, म्हणजे आपण आणखी खाली आलो. सिनेमात याने काही बिघडत नाही. एक्सेलमध्ये 100 टक्क्यांवर बारीक आकडे जुन्यात जास्त रेखीव दिसतात. नव्यात मी झूम 120 वर ठेवतो. म्हणजे वाढलेल्या जागेतली बरीचशी झूममध्येच गेली.

खरी कटकट कोपऱ्यांची. डाव्या कडेचा पहिला कॉलम, खालच्या शीट टॅबची पट्टी, घड्याळ, सिनेमाची सबटायटलं, सगळं नेमकं जिथे चित्र मऊ पडतं तिथेच. सुरुवातीला वाटलं माझाच पीस वाईट. तसं नव्हतं. पडदा डोक्याबरोबर फिरत असेल तर मान वळवून कोपरा समोर आणता येत नाही, बुबुळच वळवावं लागतं. आणि बुबुळ 23 अंश वळलं की बाहुली बाजूला जवळपास 4 मिलीमीटर सरकते. भिंगांच्या मागे डोळा जिथे असला तर चित्र स्वच्छ दिसतं तो पट्टा, ज्याला आयबॉक्स म्हणतात, तो मुळातच लहान. म्हणजे कोपऱ्याकडे बघायला गेलो की आपणच चांगल्या जागेतून बाहेर पडतो. भिंगाचा आकार न वाढवता कोन वाढवला की हा पट्टा आकसतो. प्रकाशशास्त्राचा हिशेबच तसा आहे, एकीकडे घेतलं की दुसरीकडे द्यावं लागतं. बॉक्सवर कोन छापतात, आयबॉक्स क्वचितच.

त्यामुळे नोजपॅडला (नाकावर टेकणाऱ्या गाद्यांना) मी आता भिंगाइतकंच महत्त्व देतो. सोबत आलेल्या तीन जोड्यांपैकी सर्वांत उंच लावली की वरची कड कापली जाते, सर्वांत बुटकी लावली की सबटायटलं जातात. मधली लावून काड्यांचा कोन एक घर खाली केल्यावर जमलं. माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर 68 मिलीमीटर, बायकोचं 59. तिला त्याच चष्म्यातून दोन्ही बाजूंच्या कडा पुसट दिसतात. ‘एवढे पैसे यासाठी?’ हा तिचा प्रश्न तिच्या डोळ्यांपुरता रास्तच आहे. तिला जुना जास्त आवडतो. माझ्यासारखा नंबर असेल तर आणखी एक भर: आत बसवायच्या नंबरच्या काचा डोळा आणि मूळ भिंग यांच्यातलं अंतर वाढवतात, आणि ते वाढलं की कडा आधी जातात. मी शेवटी कॉन्टॅक्ट लेन्सवर आलो.

हे चष्मे नाकापुढे इतके का येतात, हेही यात दडलंय. बहुतेकांत बर्डबाथ रचना असते: वर आडवं पॅनल, त्याखाली 45 अंशांत तिरकी अर्धपारदर्शक काच, पुढे अंतर्वक्र आरसा. उभा कोन वाढवायचा तर तिरकी काच उंच हवी, आणि ती तिरकी असल्याने उंचीबरोबर जाडीही वाढते. माझा नवा चष्मा जुन्यापेक्षा ठळकपणे पुढे येतो. शिवाय तिरक्या काचेत खालचं प्रतिबिंब पडतं. पांढरा शर्ट घालून खिडकीपाशी बसलात तर एक्सेलवर शर्ट तरंगतो. ट्रेनमध्ये मी मांडीवर काळं जॅकेट टाकतो, शेजारचे बघतात, बघू देत.

पातळ काचेतून प्रकाश नेणाऱ्या वेव्हगाइडमध्ये हा फुगवटा नाही, पण तिथे कोन काचेच्या अपवर्तनांकावर, म्हणजे काच प्रकाश किती वळवते यावर अडतो. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या होलोलेन्स या हेडसेटचा कोन पस्तीसच्या आतबाहेर होता, 2019 च्या दुसऱ्याचा 52. मेटाने 2024 मध्ये दाखवलेल्या ओरायन चष्म्याच्या नमुन्याने 70 गाठले, तेही काचेऐवजी सिलिकॉन कार्बाइड वापरून. 2025 मध्ये त्यांनीच बाजारात आणलेला रे-बॅन डिस्प्ले चष्मा मात्र 20 अंशांचा आहे. नमुना आणि दुकान यांत एवढं अंतर. संदेश वाचायला 20 पुरतात, हिशेबाची खातेवही उघडायला नाही.

वाढलेला कोन मला सर्वांत उपयोगी पडला तो पडदा हवेत एका जागी खिळवून ठेवायच्या मोडमध्ये. इथे डोकं वळवलं की कोपरा समोर येतो, बुबुळ मधेच राहतं, आणि वरची सगळी कटकट निम्मी होते. पण या मोडमध्ये चष्मा म्हणजे खिडकी, आणि खिडकी लहान असली की मान जराशी हलली तरी पडद्याची कड कापली जाते. 46 मध्ये या कापाकापीने मी तो मोड बंदच ठेवायचो. 52 मध्ये पडदा 85 टक्क्यांवर आणला की चारही बाजूंना थोडी मोकळी जागा राहते आणि तासभर सलग बसवतं. म्हणजे रुंदीचे पैसे मी मोकळ्या समासासाठी दिले, मोठ्या चित्रासाठी नाही. मला पटलं. निव्वळ सिनेमासाठी घेणाऱ्याला कदाचित उलट वाटेल.

बाकी थोडक्यात. तासाभराने कपाळाशी गरम लागतं. फोनची बॅटरी हा चष्मा झपाट्याने खातो. काच काळी करायचं बटण उत्तम. केबल घामाने पिवळी पडली.

दुकानात बघायला गेलात तर त्यांचा समुद्राचा डेमो लावू देऊ नका. स्वतःची एक्सेल शीट उघडा, चारही कोपऱ्यांत लहान अक्षरांत काहीतरी टाइप करा, मान स्थिर ठेवून फक्त डोळ्यांनी वाचा. मग नोजपॅड बदलून पुन्हा. ज्यांच्या घरात दोघं वापरणार असतील त्यांनी दोघांनीही जावं.