जुन्या लॅपटॉपचे पोर्ट बिघडल्यास: सोल्डर करून घ्यावेत की हबवर भागवावे?

दहा-बारा वर्षे वापरलेल्या लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट एकेक करून दगा देऊ लागले, की ठाण्यात बहुतेक जण दोनच गोष्टींचा विचार करतात. एक तर स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात देऊन पोर्ट नवा बसवून (वितळवलेल्या धातूने जोडून, म्हणजे सोल्डर करून) घ्यायचा, नाहीतर उरलेल्या चांगल्या पोर्टला हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी, जोडून काम चालवायचे. सरसकट एकच पर्याय योग्य असे म्हणता येत नाही, कारण निवड पैशांपेक्षाही नेमके काय बिघडले आहे यावर अवलंबून असते आणि तेवढे घरच्या घरी पुष्कळसे कळते.

सर्वप्रथम लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. गोंधळलेला पोर्ट एवढ्यानेही कधी कधी ताळ्यावर येतो. तसे न झाल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, सुरू करून तोच माऊस त्याच पोर्टला लावून पाहावा. लिनक्समध्ये माऊस चालला आणि विंडोजमध्ये चालला नाही, तर दोष ड्रायव्हरचा (पोर्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा वीज वाचवण्यासाठी पोर्ट झोपवून ठेवणाऱ्या सेटिंगचा असतो आणि त्यासाठी दुकानात एक रुपयाही देण्याचे कारण नाही. वायर किंचित हलवल्यावर संपर्क येतो आणि जातो, तेव्हा पोर्टची आतली जीभ (पिना असलेली पट्टी) सैल झालेली असते किंवा त्याचे टाके, म्हणजे सोल्डरचे जोड, सुटलेले असतात. निळ्या, म्हणजे जास्त वेगाच्या यूएसबी ३.० पोर्टवर माऊस चालतो पण नवी हार्ड डिस्क अगदी संथ चालते, तेव्हा यूएसबी ३.० च्या जादा पाच पिनांपैकी एखादी गेलेली असण्याची शक्यता मोठी असते, कारण जुन्या चार पिना शाबूत असल्या तरी २.० चे काम अडत नाही. एकाच बाजूचे सगळे पोर्ट एकदम गेले असतील, तर मात्र आनंद मानावा. असंख्य मॉडेलांमध्ये एका बाजूचे पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतात आणि तो बोर्ड रिबन केबलने (चपट्या वायरीने) मदरबोर्डला, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य बोर्डाला, जोडलेला असतो.

अशा छोट्या बोर्डाच्या बाबतीत दुरुस्ती हाच सरळ पर्याय आहे. मॉडेल क्रमांक पाहून जुना पण चालू बोर्ड मिळवावा, केबल नीट बसवावी, सोल्डरिंगला हात लावण्याची गरजच पडत नाही. ठाण्यात न मिळाल्यास दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे आणि लॅमिंग्टन रोडवर शोधावे.

पोर्ट थेट मदरबोर्डावर असेल तर हिशेब बदलतो. पोर्टच्या पत्र्याचे पाय बोर्डातल्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेले असतात, तो थर उष्णता खेचून घेतो, आणि घाईत ओढलेला पोर्ट खालचे तांबेही उखडून आणतो. मग गेलेल्या एका पोर्टसाठी अख्खा बोर्ड पणाला लागतो. मला एका दुकानात पोर्ट न पाहताच मदरबोर्ड बदलायला सांगितले होते. म्हणून खालून उष्णता देऊन काम करता का, एवढा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर टाळले गेले तर लॅपटॉप परत घ्यावा.

हबच्या बाजूने पाहिल्यास धोका जवळजवळ नाही, मात्र मर्यादा आहेत. यूएसबी २.० चा पोर्ट सेकंदाला ४८० मेगाबिट आणि ५०० मिलिअँपिअर एवढेच देतो आणि हबवरची सगळी साधने तेच वाटून घेतात. की-बोर्ड, माऊस, प्रिंटर यांना ते पुरून उरते. पोर्टेबल हार्ड डिस्कला पुरेलच असे नाही, म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा. निळ्या पोर्टला ९०० मिलिअँपिअर मिळतात, तेव्हा हब शक्यतो तिथेच लावावा, आणि तोही थोडी वायर असलेला, कारण थेट खुपसलेला जड हब उरलेल्या चांगल्या पोर्टचेही टाके सैल करतो. एक्स्प्रेसकार्डची (जुन्या लॅपटॉपमध्ये जादा कार्ड बसवण्याची) खाच असेल तर यूएसबी ३.० चे कार्डही लावता येते, पण ती खाच ५ व्होल्ट देत नाही, त्यामुळे डिस्कसाठी वेगळी वीज लागू शकते.

एका परिस्थितीत हब उपयोगाचा नाही. मोडलेल्या जिभेच्या पिना एकमेकींना किंवा पत्र्याला टेकत असतील, तर विंडोज पोर्टवर पॉवर सर्ज झाल्याचा, म्हणजे जास्त वीज ओढली गेल्याचा, इशारा देते आणि शेजारचे पोर्टही बंद पडू शकतात. तो पोर्ट काढूनच टाकावा लागतो, नवा बसवा अथवा बसवू नका. चार्जिंगचा जॅक सैल झाल्यास तोही दुरुस्तच करावा, कारण तिथे ठिणगी पडू शकते. हेडफोनसाठी यूएसबी साउंड कार्ड आणि लॅनसाठी यूएसबी अडॅप्टर पुरतो. एचडीएमआय गेला असल्यास व्हीजीए पोर्टवरून रूपांतरक लावून टीव्हीवर चित्र आणता येते, फक्त व्हीजीए आवाज नेत नसल्याने त्याची वेगळी वायर जोडावी लागते.

वाशी, ऐरोली, कोलशेत अशा खाडीलगतच्या भागांत राहणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवट थर दिसतो का, तेही पाहावे. लॅपटॉप बंद असताना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या बारीक ब्रशने तो निघतो. पूर्ण वाळल्याखेरीज चालू करू नये. थर पोर्टच्या मागे बोर्डावर पसरलेला असेल, तर नवा पोर्टही फार टिकणार नाही आणि अशा वेळी मी हबच निवडतो.

आमच्या नौपाड्यातल्या लॅपटॉपचा डावीकडचा छोटा बोर्ड मी बदलून घेतला आहे. उजवीकडचा मदरबोर्डावरचा मेलेला पोर्ट तसाच ठेवला असून त्यावर चिकटपट्टी लावली आहे, म्हणजे घाईत कोणी तिथे पेनड्राइव्ह खुपसणार नाही.