लेझरचे पैसे घेतले अन् चेहऱ्यावर मारलं आयपीएल लाईट, नागपूरकरांनो जरा बघून

स्किन क्लिनिकचं नाव लिहीत नाही, तक्रार टाकलेली आहे आणि वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. पण उन्हाळा संपत आला की आपल्या नागपुरात सगळ्यांनाच आरशात आपापला काळेपणा दिसायला लागतो अन् नेमक्या तेव्हाच स्किनच्या ऑफर सुरू होतात, म्हणून नाव सोडून बाकी सगळं लिहिते.

मी आणि माझी जाऊ दोघी सोबत गेलो होतो. माझ्या दोन्ही गालांवर वांग, रंग सावळा, आणि शाळेत जाणं-येणं स्कूटीवर, मानेवाड्याकडून रिंग रोडनं, ते ऊन ज्यानं खाल्लं त्यालाच माहीत. जाऊ गोरीपान, तिला फक्त नाकावर-गालावर बारीक तपकिरी ठिपके. डॉक्टर काही भेटले नाहीत, "सर ओटीत आहेत" म्हणे. काउन्सेलर म्हणून एक पोरगी होती, हातात टॅब, बोलायला एकदम गोड. तिने दोन रेट सांगितले, लाईट ट्रीटमेंट म्हणजे आयपीएल ४,००० रुपये सिटिंग, आणि एनडी याग लेझर ९,०००. जावेला म्हणाली तुम्ही लाईट घ्या, तुम्हाला मस्त चालेल. मला म्हणाली, "मॅम, तुमच्या स्किनला लाईट रिस्की आहे, डार्क स्किन जळू शकते, तुम्ही लेझरच घ्या, थोडं महाग आहे पण सेफ आहे."

गंमत बघा, लाईटबद्दल पोरगी शंभर टक्के खरं बोलत होती. हे मला नंतर कळलं. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

६ सिटिंगचं पॅकेज, ५४ हजारांचं "तुमच्यासाठी" ४५ हजार, आणि जवळ एवढे नसतील तर नो कॉस्ट ईएमआय, तिथेच मोबाईलवर आधार, पॅन, ओटीपी आणि लोन मंजूर, माणूस चहा संपवेपर्यंत. बिलावर लिहिलं "स्किन रिजुव्हनेशन पॅकेज". मशीनचं नाव नाही. व्हॉट्सअपवर मात्र तिने स्पष्ट टाकलं होतं, एनडी याग लेझर, ६ सेशन. तो मेसेज आज सोन्याच्या भावाचा आहे.

सिटिंगला आधी जाऊ आत गेली मग मी. थंडगार जेल फासली, डोळ्यावर पांढऱ्या वाट्या, आणि मग फटाक फटाक, डोळे मिटलेले असूनही पांढरा उजेड आत येतो आणि बारीक केस जळल्यासारखा वास. हातातलं हँडपीस चपटं, पुढे आयताकृती काच. ऊन किती लागतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, मागे कधी जखम होऊन काळा डाग राहिला का, एक प्रश्न नाही. कानामागे छोटी टेस्ट करून बघणं तर दूरच. मारणारी पण टेक्निशियनच, डॉक्टर नाही. वर त्यांच्या रीलसाठी तिने आमचा व्हिडिओ काढला आणि आम्हालाही पाठवला, पाठवला ते बरंच केलं.

संध्याकाळपासून चेहऱ्याची आग आग. सकाळी बघते तर गालांवर पट्टे, अक्षरशः चौकोनी, फरशा बसवल्यासारखे, एकाच्या बाजूला एक, आणि हाडावर फोड. फोन केला तर, "मॅम नॉर्मल आहे, पिगमेंट वर येऊन राहिलं, आठवड्यात गळून जाईल." आणि जावेचं खरोखर तसंच झालं नं! तिचे ठिपके आधी चहापत्तीसारखे काळे झाले मग झडून गेले, चेहरा स्वच्छ. त्यामुळे घरात सगळे मलाच म्हणत होते की धीर धर. पट्टे काही गेले नाहीत, ते अजून काळे झाले, आधी वांग होता, आता वांगावर पट्टे.

मग एका दुपारी जाऊ म्हणाली, "ताई, तुमचं मशीन अन् माझं मशीन एकच होतं नं? मी तर लाईटवाली, मग तुम्ही पण त्याच रूममध्ये कशा?" व्हिडिओ काढून झूम केला. तेच मशीन, तेच हँडपीस आणि काचेच्या बाजूला आकडा, ५६०. दोघींच्या व्हिडिओत ५६०.

हा आकडा काय ते रामदासपेठेतल्या एका स्किनच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं (एमडी आहेत, स्वतः तपासतात, अर्धा तास बसवतात पण मरू दे). लेझरमध्ये एकच ठरावीक वेव्हलेंग्थ, म्हणजे उजेडाच्या लाटेची लांबी, असते, एनडी यागची १०६४ नॅनोमीटर. आयपीएल म्हणजे दिवा, साधारण ५०० ते १२०० पर्यंतचा सगळा उजेड एकदम, आणि समोर फिल्टरची काच लावतात, ५६० ची लावली की ५६० च्या खालचा उजेड अडतो आणि वरचा सगळा जातो. आता कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे आपला काळा रंग, तो कमी वेव्हलेंग्थचा उजेड जास्त शोषतो. गोऱ्या कातडीत मेलॅनिन फक्त ठिपक्यात जास्त, म्हणून ठिपका तापतो आणि झडतो. सावळ्या कातडीत ते सगळीकडेच, वर आणखी उन्हाचं टॅनिंग, मग ठिपका-बिपका काही नाही, सगळी कातडीच तापते. १०६४ मेलॅनिनमध्ये कमी अडकतो, खोल जातो, म्हणून आपल्यासारख्यांना त्यातल्या त्यात बरा. आणि चौकोन बघूनच मॅडम म्हणाल्या होत्या, हे आयपीएलच्या काचेचे ठसे आहेत, क्यू स्विच्ड याग, म्हणजे डागांवर मारतात ते एनडी याग लेझर, त्याचा स्पॉट गोल असतो, फ्रॅक्शनल लेझर मारलं तर बारीक टिंबांची जाळी दिसते.

वांगाचं तर त्या म्हणाल्या की लेझर खरं असतं तरी पहिलं पाऊल ते नाहीच. उष्णतेनं वांग भडकतो, जातो आणि परत येतो. आधी सनस्क्रीन, तीही रंगाची, म्हणजे आयर्न ऑक्साईडवाली, कारण साध्या उजेडानंही वांग वाढतो, सोबत डॉक्टरांनी दिलेली क्रीम, आणि मग फारच वाटलं तर कमी पॉवरचं लेझर. मला कोणी हे सांगितलं असतं तर ४५ हजारांचं काम काही शेच्या ट्यूबनं सुरू झालं असतं. आयपीएल वाईट नाही हां, जावेचा चेहरा पुरावा आहे. बारीक लाल शिरा, गोऱ्या रंगावरचे उन्हाचे डाग, त्याला चांगलंच आहे. सुरकुत्या आणि पिंपल्सच्या खड्ड्यांसाठी सीओटू लेझर वेगळं, ते १०,६०० चं, कातडीतलं पाणी तापवतं, आठवडाभर तोंड लाल.

क्लिनिकला गेलो तर आधी म्हणे, "मॅम आयपीएल लेझरच असतं, एकच टेक्नॉलॉजी." मी म्हटलं एकच आहे तर हिला ४ हजार अन् मला ९ हजार काऊन? मग मॅनेजर आला, भाऊ भाऊ करत माझ्या नवऱ्याशीच बोलायला लागला, जळलं माझं तोंड अन् समजावतो त्यांना. फ्री पील, म्हणजे अॅसिड लावून वरची कातडी सोलायची, ते करून देतो म्हणाला, फक्त या कागदावर सही करा. कागदावर होतं की माझी काही तक्रार नाही आणि मी रिव्ह्यू काढून टाकेन. ज्यांनी तोंड जाळलं त्यांच्याकडूनच वर अॅसिडचं पील, वा रे वा.

सही केली नाही. आधी १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनला फोन, मग वकिलाकडून नोटीस आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. ती ऑनलाईनही टाकता येते, भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, घटनेपासून २ वर्षांच्या आत टाकावी लागते. लावायला व्हॉट्सअप मेसेज, दोन्ही व्हिडिओ, रोज एकाच खिडकीत काढलेले फोटो आणि मॅडमची चिट्ठी.

तुम्ही जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी मशीनचं नाव आणि वेव्हलेंग्थ बिलावर लिहून मागा, लिहीत नसतील तर उठा. मारणार कोण ते विचारा, डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये बघा, भिंतीवरचं कॉस्मेटॉलॉजीचं सर्टिफिकेट म्हणजे एमडी नव्हे. टेस्ट पॅच मारून थांबायला तयार आहेत का बघा. मेडिकल आणि मेयो या आपल्या दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत स्किनची ओपीडी आहे, गर्दी आहे पण तिथे पॅकेज कोणी विकत नाही.

आणि ते मोबाईलवरचं लोन. क्लिनिकने सर्व्हिस बंद केली तरी हप्ता कटत राहतो, माझा अजून कटतोय, कारण लोन क्लिनिकचं नाही, फायनान्स कंपनीचं असतं. आरबीआयच्या नियमानं अशा डिजिटल लोनमध्ये सुरुवातीला कूलिंग ऑफचा काळ असतो, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचा खर्च भरून पेनल्टीशिवाय बाहेर पडता येतं. ते किती दिवस आहेत हे लोनच्या कागदात असतं, ओटीपी द्यायच्या आधी तो कागद उघडून बघा, नंतर तो ईमेलवर येतो आणि तोपर्यंत तुम्ही बेडवर जेल लावून झोपलेले असता.